लाल, हिरव्या, निळ्या फ्रेममधली मी : थरांचे सेल्फ पोर्ट्रेट

रातराणी

नमस्कार मंडळी. इथे फोटोग्राफीचे धागे भरपूर आहेत, पक्षी, गडकिल्ले, मॅक्रो सगळं आहे, पण स्वतःचा फोटो स्वतःच काढणं, आणि तोही छान दिसावं म्हणून नाही तर आत जे चाललंय ते बाहेर यावं म्हणून, यावर काही सापडलं नाही म्हणून हा धागा काढतेय. मी सध्या एकाच प्रकारात पूर्ण बुडालेली आहे, तो म्हणजे तीन फ्रेम एकावर एक ठेवून केलेलं रंगीत सेल्फ पोर्ट्रेट. फोटोवाले याला हॅरिस शटर म्हणतात, काहीजण ट्रायक्रोम म्हणतात.

करायचं काय ते आधी सांगते. मोबाइल किंवा कॅमेरा अजिबात हलणार नाही असा लावायचा, आपण समोर बसायचं आणि तीन फोटो काढायचे, मध्ये थोडा थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग पहिल्या फोटोतला फक्त लाल चॅनल (डिजिटल फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला एक थर म्हणजे चॅनल) घ्यायचा, दुसऱ्यातला फक्त हिरवा, तिसऱ्यातला फक्त निळा, आणि तिन्ही जोडून एक फोटो करायचा. तिन्ही फोटोंत जे जागचं हललं नाही, म्हणजे भिंत, खुर्ची, स्थिर ठेवलेला चेहरा, ते नेहमीच्याच रंगात दिसतं कारण तिथे लाल हिरवा निळा बरोबर जुळतात. आणि जे हललं ते सुटतं, त्याचा लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे, निळा तिसरीकडे.

मला हे इतकं का भिडलं ते सांगते. मी नाइट ड्यूटी करते. सकाळी घरी आल्यावर झोप येत नाही, शरीर दमलेलं असतं आणि डोकं चालूच असतं, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही शांत बसली आहे. ही जी घालमेल असते ना, ती चेहऱ्यावर दिसतच नाही. साध्या फोटोत मी फक्त एक दमलेली बाई दिसते. मग एका सकाळी काळा कुर्ता घालून खिडकीसमोर बसले, चेहरा स्थिर ठेवला, आणि हातांना त्यांना जे करायचं ते करू दिलं. ओढणीचं टोक पिळणं, बोटं मोडणं, मनगट चोळणं. तीन फ्रेम जोडल्यावर जे समोर आलं त्यात माझा चेहरा जसाच्या तसा, गव्हाळ, शांत, आणि मांडीत सहा हात. एक जोडी लालभडक, एक हिरवी, एक मंद निळसर, जिथे लाल हिरवा एकमेकांवर आले तिथे पिवळं. ओढणीच्या टोकाच्या तर चिंध्या झालेल्या, प्रत्येक चिंधी वेगळ्या रंगाची. बघताक्षणी वाटलं, हेच. हेच मला सांगता येत नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की अशा फोटोत रंग नंतर लावायचा नसतो. साधा फोटो काढून मग स्लायडर ओढून निळा केला तर ते दुःख बाहेरून फासलेलं असतं. इथे रंग वेळेतून येतो, मी जितकी हलले तितकाच येतो, जिथे हलले तिथेच येतो. मी स्थिर असेन तर फोटो मला रंग देणारच नाही.

थोडा इतिहास, कारण तो मला फार आवडतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका चौकडीच्या रिबिनीचा रंगीत फोटो दाखवला तो याच रीतीने, लाल हिरवा निळा अशा फिल्टरमधून वेगवेगळ्या प्लेट घेऊन मग पडद्यावर एकावर एक टाकून. नंतर रशियात प्रोकुदिन-गोर्स्की या फोटोग्राफरने याच रीतीने अख्ख्या साम्राज्याचे फोटो काढले, एका लांब काचेच्या प्लेटवर एकाखाली एक तीन फोटो घ्यायचे. त्यांचा स्वतःचाही एक फोटो आहे, साधारण १९१२ चा, आताच्या जॉर्जियातल्या बाटुमीजवळच्या एका नदीकाठी दगडावर टोपी घालून बसलेले. त्यांच्या अशा फोटोंत वाहतं पाणी, झाडांची पानं, अवखळ मुलं यांच्या कडांना रंग फुटलेले दिसतात कारण तीन फोटोंच्या मध्ये ती हलली. त्यांच्यासाठी तो पद्धतीतला दोष होता. पुढे कोडॅकमधल्या रॉबर्ट हॅरिस यांनी तीन फिल्टरची पट्टी लेन्ससमोरून खाली सोडायची युक्ती काढली आणि तोच दोष मुद्दाम करता येऊ लागला, नाव त्यांच्यावरूनच पडलं.

आता एक बारकावा जो मला करता करता कळला. आपली कातडी लाल प्रकाश जास्त परतवते आणि निळा कमी. त्यामुळे गडद कपड्यांवर लाल फ्रेममधला हात ठसठशीत येतो, हिरव्यातला बरा, निळ्यातला अगदी पुसट. याचा उपयोग करून घ्यायचा. जी हालचाल सगळ्यात महत्त्वाची ती लाल फ्रेममध्ये, जे विरून जायला हवंय ते निळ्यात. क्रम आपल्या हातात आहे, आधी काढलेला फोटो लालच असला पाहिजे असं काही नाही.

तुमच्यापैकी कोणी असं काही करतंय का? थर, डबल एक्स्पोजर म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो, रंगीत लाइट, काहीही चालेल, पण स्वतःवर केलेलं हवं.

नवशिका

भारी धागा! आत्ताच घरी करून बघितलं, फोन डब्यावर टेकवून, पण माझं उलटंच आलं. मी पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून मान हलवली तर लाल हिरवा निळा कुठेच नाही, सगळं आकाशी, गुलाबी आणि पिवळं आलंय. चॅनल चुकलेत का माझे?

रातराणी

@नवशिका, चॅनल अगदी बरोबर आहेत. भिंत पांढरी आणि केस काळे ना? मग विचार करा, लाल फ्रेममध्ये डोकं जिथे होतं तिथे भिंतीचा लाल प्रकाश अडला. बाकीच्या दोन फ्रेममध्ये डोकं तिथून हललेलं होतं त्यामुळे हिरवा आणि निळा मात्र भिंतीवरून पूर्ण आले. हिरवा अधिक निळा म्हणजे सायन, तुम्हाला दिसलं ते आकाशी. तसंच हिरवा अडला तिथे गुलाबी म्हणजे मॅजेंटा, निळा अडला तिथे पिवळा. गडद पार्श्वभूमीवर उजळ वस्तू हलली तर लाल हिरवा निळा, उजळ पार्श्वभूमीवर गडद वस्तू हलली तर सायन मॅजेंटा पिवळा. हे एकदा डोक्यात बसलं की कपडे आणि भिंत बघूनच कळतं कुठले रंग येणार. मला स्वतःला पांढऱ्या भिंतीचे फोटो हलक्या मनाचे वाटतात आणि काळ्यावरचे जड.

छापखाना

वा, सायन मॅजेंटा पिवळा वाचून राहवलं नाही. आमचा सांगलीत छापखाना आहे, आजोबांपासूनचा. तुम्ही जे करताय ते म्हणजे आमच्याकडे रजिस्टर हललं की जे होतं तेच. रंगीत लग्नपत्रिका किंवा कॅलेंडर छापताना सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा अशा चार प्लेट एकावर एक नेमक्या बसाव्या लागतात, केसभर जरी सरकल्या तरी देवीच्या ओठाबाहेर गुलाबी रेघ येते आणि तो कागद रद्दीत जातो. आयुष्यभर आम्ही तीन रंग जुळवत आलो आणि तुम्ही ते मुद्दाम सोडवताय, मला हे बघायला फार आवडलं, खरंच. फोटो मोठा करून बघितला, त्या ओढणीच्या टोकाशी बराच वेळ थांबलो.

एक आठवलं ते सांगतो. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी छपाईच्या धंद्यात होते, तीन रंगांचे ब्लॉक करायचं तंत्र त्यांना येत होतं, आणि त्यांच्या १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी, जी कृष्ण झाली आहे, तिचा नुसता चेहरा दिसतो. सात वर्षांची पोर एकामागोमाग एक भाव करून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाच्या वेशातली तीच मुलगी हळूहळू उमटते, एक चित्र विरत जातं आणि दुसरं वर येतं. भाव दाखवायला चित्रावर चित्र, आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. सेल्फ पोर्ट्रेट नाही ते, बापाने लेकीचं काढलंय, पण धाग्याशी नातं आहे असं वाटलं.

स्पष्टवक्ता

लेख आवडला, मेहनत दिसते आहे. पण एक प्रामाणिक शंका. भाव हा चेहऱ्यात, डोळ्यांत असतो. चांगला पोर्ट्रेट फोटोग्राफर एका साध्या खिडकीच्या उजेडात माणसाचं सगळं आयुष्य दाखवतो. मग हे चॅनल, थर, रंग मध्ये कशाला? मला भीती ही वाटते की बघणारा आधी रंगातच अडकेल आणि माणसापर्यंत पोचणारच नाही. आणि अशी अॅप्स आता इतकी आहेत की बटण दाबलं की ग्लिच इफेक्ट मिळतो.

रातराणी

@स्पष्टवक्ता, शंका रास्त आहे आणि त्यावर मी खूप विचार केलाय. अॅपचा ग्लिच आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बघा. अॅप एकाच फोटोचे तीन चॅनल बाजूला सरकवतं, म्हणून सगळंच सारखं सरकतं, भिंतही आणि चेहराही. त्यात एकच क्षण आहे. हॅरिसमध्ये तीन खरे क्षण आहेत आणि काय हलायचं काय नाही हे मी ठरवलेलं आहे किंवा माझ्या शरीराने ठरवलेलं आहे. आणि डोळ्यांत भाव असतो हे मान्यच, पण जो माणूस कॅमेऱ्यामागे असतो तो तो क्षण टिपतो. मी एकटी आहे खोलीत, टायमर लावलाय, मला माहितीये की आता फोटो निघणार, त्यामुळे डोळ्यांत आपोआप फोटोचे भाव येतात. हातांना ते माहीत नसतं. म्हणून मी हातांवर विश्वास ठेवते.

शिवाय काही भावना एका क्षणाच्या नसतातच हो. घालमेल, वाट बघणं, मनात चाललेली उलटसुलट, याला वेळ लागतो, ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागात कसं मावेल?

उत्तरायण

मी ओस्लोत असते त्यामुळे इथलं एक उदाहरण देते. चित्रकार एडवर्ड मुंक यांनी १९०२ मध्ये बर्लिनमध्ये एक छोटा कोडॅक घेतला आणि स्वतःचे फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेरा टेबलावर ठेवायचा, एक्स्पोजर चालू असताना फ्रेममध्ये यायचं किंवा निघून जायचं, त्यामुळे ते अर्धे पारदर्शक दिसतात, अंगातून मागची चित्रं, दार, भिंत दिसते. पुढे १९०८-०९ मध्ये कोपनहेगनच्या एका दवाखान्यात मनाच्या आजारपणावर उपचार घेत असतानाही त्यांनी स्वतःचे फोटो काढले. ज्या माणसाला रंगात काय वाटेल ते दाखवता येत होतं त्यालाही फोटो लागला. म्हणजे चित्रात जे येत नव्हतं असं काहीतरी त्या हललेल्या फोटोत येत असणार. इथल्या मुंक संग्रहालयाची नवी इमारत २०२१ मध्ये उघडली, कोणी आलं तर नक्की बघा.

@स्पष्टवक्ता, मला वाटतं त्यांचे ते फोटो बघितले की थर मध्ये येतो असं वाटणार नाही. माणूस तिथे आहे आणि नाहीही, आणि तोच तर भाव आहे.

पानगळ

मी इथे फक्त वाचत असते पण आज लिहिते. माझी आई गेल्यावर मी असाच एक फोटो केला, तुमच्यासारखा तीन रंगांचा नाही, दोन थरांचा. तिचा लग्नाआधीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता, मिरजेच्या स्टुडिओत काढलेला, मागे गडद पडदा, अंबाडा, मान किंचित डावीकडे. मी तशीच मान करून, तसाच उजेड एका बाजूने घेऊन माझा फोटो काढला आणि दोन्ही एकावर एक ठेवले, डोळे डोळ्यांवर नेमके बसवले. स्क्रीन मोड वापरला. त्यात असं होतं की वरच्या फोटोत जिथे काळं आहे तिथेच खालचा फोटो दिसतो, जिथे पांढरं आहे तिथे खालचं झाकलं जातं. त्यामुळे आईच्या काळ्या केसांत आणि मागच्या काळोखात मी दिसते, माझे पांढरे व्हायला लागलेले केस तिच्या काळ्या केसांत दिसतात, आणि तिचं उजळ कपाळ मात्र तिचंच राहतं. नाक कोणाचं ते कळतच नाही. माझ्या थराला मी हलका शेंदरी रंग दिला आणि तिचा करडाच ठेवला.

रातराणी म्हणतात की रंग नंतर लावायचा नाही, त्याच्याशी मी सहमत नाही. आईचा फोटो करडाच होता, तो तसाच मला मिळालाय. माझ्या थराला रंग दिला नसता तर कोण गेलेलं आणि कोण मागे राहिलेलं हे कळलं नसतं.

रातराणी

पानगळ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या फोटोत रंगाला काम आहे, दोन काळ वेगळे ठेवायचं काम, आणि तो तुम्ही नंतर दिलात तरी तो बाहेरून फासलेला नाही. माझं म्हणणं मी तुमच्यापुरतं मागे घेते असं नाही, पण त्यात ही जागा करावीच लागेल.

तुमच्या फोटोवरून चित्रकार विवान सुंदरम यांचं काम आठवलं. त्यांचे आजोबा सरदार उमरावसिंग शेरगिल, म्हणजे अमृता शेरगिल यांचे वडील, हौशी फोटोग्राफर होते, त्यांनी कित्येक दशकं स्वतःचे फोटो काढले, पुस्तकांच्या खोलीत, उघड्या अंगाने, वेगवेगळ्या वेशांत. विवान यांनी २००१ च्या सुमाराला रिटेक ऑफ अमृता ही मालिका केली, त्यात आजोबांनी काढलेले जुने फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले, त्यामुळे वेगवेगळ्या काळातली बाप आणि लेक एका खोलीत येतात, आरशात दुसरंच माणूस दिसतं. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. घरातल्या माणसांवर असं काम करायला धीर लागतो, तो तुम्ही दाखवलात.

नांदी

मी हौशी नाटकात लाइट्स करते त्यामुळे रंग आणि भाव हा माझा रोजचा विषय. दोन गोष्टी.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग दिलाय आणि तो आपल्याला वाटतो तसा नाही. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. बघा, आपण आज प्रेम म्हटलं की लाल लाइट टाकतो आणि दुःख म्हटलं की निळा, तो निळा आपल्याकडे सिनेमातून आणि विलायती रंगभूमीवरून आला असावा असा माझा अंदाज. पानगळ यांनी आईला करडं ठेवलं हे वाचून अंगावर काटा आला, कारण करुणाचा रंग तोच आहे.

दुसरं, ज्यांना कॉम्प्युटर नको त्यांच्यासाठी. स्टेशनरीच्या दुकानात जिलेटीन पेपर मिळतो, मखराला वापरतात तो. लाल, हिरवा, निळा घ्या आणि एलईडी टॉर्चवर लावा, फक्त कागद लाइटच्या काचेला चिकटवू नका, हॅलोजन असेल तर वितळतो. खोली पूर्ण अंधारी करायची, कॅमेऱ्यात शटर दहापंधरा सेकंद उघडं ठेवायचं आणि त्या वेळात एकेक रंगाचा टॉर्च स्वतःवर वेगवेगळ्या बाजूने फिरवायचा, मध्ये मान वळवायची, अंधारात जागा बदलायची. एकाच फ्रेममध्ये सगळे थर होतात, काही जोडावं लागत नाही. टॉर्च हातात असताना आपण आपल्याच चेहऱ्यावर रंग ठेवतोय ही जाणीव फार वेगळी असते. मी हे करताना एकदा रडले होते, उदास होते म्हणून नाही, बऱ्याच दिवसांनी स्वतःकडे इतका वेळ बघितलं म्हणून.

स्पष्टवक्ता

पानगळ, नांदी, उत्तरायण, तुमचे प्रतिसाद वाचून विचारात पडलो आहे. माझा आक्षेप अजून आहे पण तो आता सगळ्या प्रकाराला नाही, ज्यांच्याकडे सांगायला काही नाही आणि तरी थर चढवतात त्यांच्यापुरता. पानगळ यांच्या फोटोला एकच थर असता तर तो झालाच नसता हे कबूल.

भरतीओहोटी

रत्नागिरीहून. मी पोर्ट्रेट फारसे करत नाही, समुद्र करतो, पण हॅरिस समुद्रावर अफाट होतं. लाटा हलतात, ढग हलतात, वाळू आणि खडक जागेवर. भाट्याच्या किनाऱ्यावर मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो, दगडावर, हात मागे बांधून, जमेल तितका स्थिर. पुढे मी साधा, रोजच्या शर्टात, आणि मागे फेसाच्या लाल हिरव्या निळ्या रेघा, आकाशात पण गुलाबी पिवळे ढग. खूप आनंदाचा फोटो आला. मला हे मुद्दाम सांगायचं होतं कारण धाग्यात घालमेल, दुःख, आजारपण हेच जास्त आलं. भावना म्हणजे फक्त उदासी नाही ना! मी त्या दिवशी खूश होतो, माझी बदली गावी झाली होती.

एक अडचण मात्र आली. ढग सूर्यावर आला की एक फ्रेम अंधारी होते आणि अख्खा फोटो एका रंगाकडे झुकतो. याला उपाय?

रातराणी

भरतीओहोटी, फोटो बघून मस्त वाटलं, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आनंदाचे टाका, रागाचे टाका, सगळे टाका.

उपाय म्हणजे तीन फ्रेम पटापट घ्यायच्या, किंवा सरळ खूप फ्रेम काढून ठेवायच्या आणि त्यातल्या सारख्या उजेडाच्या तीन निवडायच्या. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते) दोन्ही लॉक हवेत, मोबाइलवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की लॉक होतं बऱ्याच फोनमध्ये, नाहीतर प्रो मोड. घरात ट्यूबलाइटखाली करणाऱ्यांसाठी अजून एक, आपली वीज ५० हर्ट्झची त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर आडवे पट्टे येत नाहीत. ते पट्टे साध्या फोटोत कमी जाणवतात पण तीन चॅनल वेगळे झाले की रंगीत पट्टे होऊन बसतात.

नवशिका

जोडायचं सोप्या भाषेत कोणी सांगेल का? मी दादाच्या लॅपटॉपवर फोटोशॉपमध्ये केलं होतं, माझ्याकडे फक्त फोन आहे. डबल एक्स्पोजरवालं अॅप आहे.

रातराणी

@नवशिका, चॅनल वेगळे करता येत नसतील तरी होतं. लेअर्स आणि ब्लेंड मोड (थर एकमेकांत कसे मिसळायचे ते ठरवणारे पर्याय, मल्टिप्लाय आणि स्क्रीन हे त्यातलेच) असलेलं कुठलंही अॅप घ्या. पहिल्या फोटोवर पूर्ण लाल रंगाचा लेअर टाका आणि तो मल्टिप्लाय करा, फोटो लाल काळा होईल, तो सेव्ह करा. दुसऱ्यावर पूर्ण हिरवा, तिसऱ्यावर पूर्ण निळा. रंग अगदी शुद्ध हवेत, म्हणजे लाल २५५ आणि बाकी दोन शून्य, असं. मग हे तीन फोटो एकावर एक ठेवून वरच्या दोघांना स्क्रीन मोड द्या. झालं. न हललेल्या जागी रंग आपोआप नेहमीचे होतात, नाही झाले तर कॅमेरा हलला किंवा उजेड बदलला असं समजायचं. लॅपटॉपवर गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डीकंपोज आणि कंपोज नावाने हेच एका झटक्यात होतं.

दोनच थरांचं डबल एक्स्पोजर कॅमेऱ्यातच करायचं असेल आणि कॅमेरा उजेडाची नुसती बेरीज करत असेल तर प्रत्येक फोटो एक स्टॉप कमी म्हणजे निम्म्या उजेडाचा घ्या, चार थर असतील तर दोन स्टॉप म्हणजे पाव उजेडाचा, नाहीतर सगळं पांढरं होऊन जातं.

उत्तरायण

अजून एक नाव राहून गेलं, वांडा वुल्झ. इटलीतल्या त्रिएस्तेमध्ये त्यांच्या घरचा फोटो स्टुडिओ होता. १९३२ मध्ये त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याची निगेटिव्ह आणि घरच्या मांजरीची निगेटिव्ह एकाच कागदावर प्रिंट केली. एक डोळा बाईचा, गालावर मिशा, तोंड दोघींचं. ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण नवशिका सारख्यांनी जरूर बघावा, दोन चेहरे जुळवताना कुठला भाग कोणाला द्यायचा हे त्यातून शिकता येतं.

पानगळ

छापखाना दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. मला आईचा तो फोटो मोठा करून फ्रेम करायचाय, बहिणीला द्यायचाय. फोनवर जो शेंदरी दिसतो तो प्रिंटवर मातकट आला. तुम्ही काही सुचवाल का?

छापखाना

ताई, स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि कागद शाईने, त्यामुळे चटक शेंदरी, गडद निळा आणि पोपटी हिरवा हे तीन रंग कागदावर हमखास मंद पडतात. ऑफसेट किंवा डिजिटल प्रेसवर नका करू, फोटो लॅबमध्ये किंवा चांगल्या इंकजेटवर करा, ल्युस्टर म्हणजे हलक्या चमकेचा पेपर घ्या, मॅटवर काळा मऊ पडतो आणि तुमच्या फोटोचा सगळा जीव त्या काळ्यात आहे. मोठा काढायच्या आधी चार बाय सहाचा टेस्ट प्रिंट घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात बघा, दुकानाच्या लाइटमध्ये नको. शेंदरी थोडा पिवळ्याकडे नेऊन, थोडा फिका करून बघा, मातकटपणा बऱ्यापैकी जातो. आईचा करडा मात्र नीट तपासा, प्रिंटर करड्याला हिरवट किंवा गुलाबी झाक देतात. लॅबवाल्याला सांगायचं की करडा न्यूट्रल हवाय, त्यांना कळतं. आणि सांगलीच्या बाजूला आलात तर फाइल घेऊन या, आपण बसून बघू.

नांदी

रातराणी, एक सुचवू का? सगळ्यांनी एकाच भावावर फोटो करायचा का या महिन्यात? मी अद्भुत म्हणेन, त्याचा रंग पिवळा, आणि पांढऱ्या भिंतीवर पिवळा कुठल्या फ्रेममुळे येतो ते आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

रातराणी

मस्त कल्पना नांदी, अद्भुत नक्की. पिवळा हवा तर निळ्या फ्रेममध्ये हलायचं, बाकी दोन्हीत एकाच जागी स्थिर. फक्त इतकं लक्षात घ्या की उरलेल्या दोन फ्रेममध्ये तुम्ही जिथे असाल तिथे लाल हिरवा अडतो, म्हणून तिथे गडद निळं राहणार. ते पिवळ्याच्या शेजारी छानच दिसतं.

फोटो टाकताना जोडलेल्या फोटोखाली मूळ तीन फ्रेमही टाका, क्रमाने, म्हणजे कुठला हात कुठल्या क्षणाचा ते बाकीच्यांना कळेल. चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरे चालतील, नुसते हात चालतील. आणि @स्पष्टवक्ता, तुम्ही पण हवे आहात. खिडकीच्या उजेडातलाच करा, एकाच थराचा, बाकीच्यांच्या शेजारी ठेवून बघू.

स्पष्टवक्ता

करतो. एका थराचा पण आणि तीन थरांचा पण.